देवरावच्या खिशातली पन्नी

देवराव गेल्याचा फोन त्याच्या बायकोनं, शकुनवहिनीनं केला. "भाऊजी, गेले जी," एवढंच म्हणाली. मी चंद्रपुरात घरी विजेचं बिल तपासत बसलो होतो, युनिट आणि रकमेचा मेळ बसत नव्हता. फोन ठेवल्यावर पुन्हा तेच बिल हातात घेतलं... रडू आलं नाही, राग आला. त्याला आता काही आठवडे झाले. राग उतरायची वाट पाहिली तर हे लिहून होणार नाही.

देवराव माझा वर्गमित्र, आरमोरीकडच्या आमच्याच गावचा. धान निघालं की आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो आणि त्या हंगामात तो खलनायक असायचा. माइक बंद पडला तरी त्याचं हसणं शेवटच्या रांगेपर्यंत जायचं. आठवडी बाजारात एखादी म्हातारी त्याला अडवायची, "मेल्या, त्या सुनेले काऊन छळतेस?" तो वाकून म्हणायचा, "पोट हाय ना मावशी!" आणि खिशातून खर्र्याची पन्नी काढून तिच्यापुढे धरायचा. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून घोटला की झाला खर्रा. आमच्याकडे 'कसा आहेस' विचारायच्या आधी पन्नी पुढे येते. सोयरीक असो, सोसायटीची बैठक असो, मयत असो, पन्नी फिरते, आणि नको म्हणणारा माजलेला ठरतो. मी नको म्हणायचो. "बाबू आता साहेब झाला," असं देवराव माझ्याबद्दल चारचौघांत म्हणायचा. खर्र्याच्या विक्रीवर बंदी आहे हे मला ठाऊक आहे, पानठेलेवाल्याला ठाऊक आहे आणि ज्यांनी ती बंदी पाळून घ्यायची त्यांनाही ठाऊक आहे.

मग देवरावच्या जिभेला गाठ आली. मुंबईत शस्त्रक्रिया झाली आणि जीभ गेली. नंतरच्या तपासणीला मी त्याच्यासोबत गेलो तेव्हा त्याच्या गळ्यात शाळकरी पाटी होती आणि तोंडावर दुपट्टा. धर्मशाळेतल्या शेजारच्या खोलीतली वसईकडची एक बाई म्हणाली, इथून जवळच जुना कॅथलिक मठ आहे, त्यांना घेऊन जा, बरं वाटेल. गेलो. पोर्तुगीज काळातला दगडी मठ, झिजलेल्या पायऱ्या, कमानींची लांब ओसरी. दारावर नियम लिहिले होते. मी ते सगळे वाचले, मोबाईल बंद केला. आत मौन पाळायचं होतं. गाडीत, इस्पितळात, सगळीकडे लोक त्याच्यादेखत मला विचारायचे, "यांना काय झालं?" इथे कोणीच बोलत नव्हतं. पांढऱ्या झग्यातल्या एका म्हाताऱ्या ब्रदरनं हात जोडून त्याला बाकावर जागा दाखवली. देवराव बसला... आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच त्यानं चारचौघांत तोंडावरचा दुपट्टा खाली घेतला.

मग त्यानं खिशात हात घातला आणि खर्र्याची पन्नी काढून दोन्ही हातांनी ब्रदरपुढे धरली. ब्रदरनं ती तितक्याच आदरानं घेतली, वास घेतला, काय समजले देव जाणे, आणि जाऊन मेरीच्या मूर्तीच्या पायाशी ठेवली.

फाटकाबाहेर आल्यावर मी फुटलो. "जीभ गेली तरी हे सुटत नाही तुझं?"

त्यानं पाटीवर लिहिलं, "खाले नाई. द्याले."

"द्यायला दुसरं काही नाही तुझ्याकडे?"

त्यानं पाटी पुसली. दुपट्टा पुन्हा तोंडावर ओढून घेतला.

गाठ पुन्हा आली, आणि त्या वेळी मुंबईचा उपयोग झाला नाही. तेरवीला त्याच्या फोटोपुढे आवडीचे पदार्थ मांडले होते. त्यात खर्र्याच्या पन्न्यांची रास होती. त्याच्या नाटक मंडळीतल्या नटांनी ती आणली होती. "देवरावले लय आवडे जी," असं सांगताना त्यांचे डोळे भरून आले होते. ज्यानं माणूस खाल्ला तेच त्याला नैवेद्य म्हणून! मी सगळ्या पन्न्या ओंजळीत घेतल्या आणि बाहेर भिरकावणार, तोच वहिनीनं मनगट धरलं. "फेकू नका भाऊजी. पोट्टे उचलतीन. चुलीत टाका." टाकल्या. धुरानं सगळे खोकले. मांडवात परतलो तर पन्नी पुन्हा फिरत होती. सगळ्यात जास्त रडलेल्या नटानं ती माझ्यापुढे धरली, "घ्या साहेब, देवरावच्या नावानं." मी "नाही" म्हणालो ते इतक्या मोठ्यानं की मागच्या रांगेपर्यंत गेलं असेल. मग कोणीतरी घोटायला लागलं.

परवा वहिनीकडे जाऊन आलो. देवरावचा नाटकाच्या दौऱ्यावरचा सदरा अजून खुंटीवर आहे. धुऊन धुऊन कापड विरलं, तरी खिशावरचा तांबूस डाग गेलेला नाही. जवळ जाऊन पाहिलं... खिशाचं तोंड वहिनीनं जाड दोऱ्यानं शिवून टाकलं होतं.