गिरीजच्या फटफटीचा मीटर

निवृत्त झाल्यापासून लोक मला दरोड्यांबद्दल विचारतात, खुनांबद्दल विचारतात, समुद्रावरून उतरणाऱ्या चोरट्या मालाबद्दल विचारतात. मी सांगतोही. पण ‘तुमची सर्वांत आवडती केस कोणती?’ असं कुणी विचारलं, तर मला आधी आठवतो तो एका जुन्या मोटारसायकलचा बंद पडलेला मीटर. तो गुन्हा मी स्वतः, हातात स्क्रू-ड्रायव्हर घेऊन उघडकीस आणला. त्याचा अभिमान मला आजही आहे आणि तो लपवण्याचं मला काही कारण दिसत नाही.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी वसईला फौजदार होतो. एके दिवशी सकाळी होळी नावाच्या वस्तीकडच्या रस्त्यावर सायकलवरून पाव पोचवणाऱ्या एका वयस्क माणसाला मोटारसायकलने उडवलं. मांडीचं हाड मोडलं, डोक्याला मार लागला, आणि मोटारसायकलवाला न थांबता निघून गेला. ठाणे अंमलदाराने स्टेशन डायरीला नोंद घेतली. बेफिकीरपणे वाहन चालवून गंभीर दुखापत केल्याचा गुन्हा दाखल झाला आणि तपास माझ्याकडे आला. पाववाला इस्पितळात बेशुद्ध होता. तो गेला असता तर कलम बदललं असतं आणि आरोपीचं उभं आयुष्यही.

खबर दिली ती ताडी काढणाऱ्या एका माणसाने. त्या वेळी तो झाडाच्या शेंड्यावर होता. चौकीत यायला तयार नव्हता, म्हणून मीच झाडाखाली जाऊन उभा राहिलो.

“फटफटी गिरीजच्या वाडीत शिरली, साहेब. ती जुनी, मिल्ट्रीवाली.”

“चालवणारा कोण होता?”

“वरशी काय दिसनार? डोका दिसला फक्त, टावेल बांधलेला.”

तशी फटफटी त्या भागात एकच होती. गिरीज गावच्या एका बागायतदाराने लढाईनंतर लष्कराच्या लिलावात घेतलेली, इंग्रजी बनावटीची. तिला चावी नव्हतीच. कीक बसली की सुरू व्हायची, आणि कीक बसवणं हे कुणाही ऐऱ्यागैऱ्याचं काम नव्हतं. बागायतदार तिला लेकीसारखा जपायचा. दोन पंच आणि माझे जमादार घेऊन मी वाडीवर गेलो, तेव्हा तो शेडच्या दारात हात कमरेवर ठेवून उभा होता.

“माझी गाडी जागची हललेली नाही, साहेब. तुम्ही मीटर बघा. रेल्वेने दादरला केळी घेऊन जायच्या आधी मी मीटरचा आकडा पाठ करतो आणि आल्यावर बघतो. त्या दिवशीही तोच आकडा होता.”

“पाठ कशाला करता?”

“घरात तरणा मुलगा आहे ना!” तो म्हणाला. मुलगा बाजूलाच उभा होता, मान खाली घालून. ही आकडा पाठ करण्याची गोष्ट बागायतदार गावभर फुशारकीने सांगत असे, हे मला नंतर कळलं.

गाडीचं डावं पायदान मागे वाकलं होतं आणि त्याला पाववाल्याच्या सायकलचा हिरवा रंग लागला होता. म्हणजे धडक याच गाडीने दिली होती. मग मीटर पुढे का सरकला नाही? मी गाडी स्टँडला लावली, पुढचं चाक उचलून हाताने गरगर फिरवलं. आकडा जागचा हलला नाही. मीटर बंदच होता.

बापाने आपल्या मुलाच्या बचावासाठी जो साक्षीदार उभा केला होता, तोच मुका निघाला. बागायतदाराचा चेहरा उतरला. पुढच्याच क्षणी तो वळला आणि त्याने सगळ्यांदेखत मुलाच्या कानाखाली वाजवली.

“मीटर बंद करून फिरतोस? माणूस मारलास तू!”

“नाही हो बाबा, मी हातसुद्धा लावला नाही गाडीला.” एवढंच तो मुलगा बोलला. रडला नाही.

त्या मुलाला लवकरच सरकारी नोकरी लागणार होती. त्याच्या चारित्र्य पडताळणीचा कागद त्याच आठवड्यात आमच्या ठाण्यात आला होता आणि माझ्याच टेबलावर पडून होता. गुन्ह्यात नाव आलं की तो कागद तसाच परत जाणार, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. आमचे वरिष्ठ म्हणाले, “गाडी घरची, बाप बाहेर, पोरगा घरात. आणखी काय पाहिजे? अटक दाखवा.” हिशेब सरळ होता. पण मला सरळ हिशेबाचा नेहमी संशय येतो. शिवाय मी दोन वर्षं मोटार परिवहन विभागात काढली होती. मीटर बंद आहे म्हणजे तो कुणी बंद केला, असं होत नाही. बंद पडण्याची कारणं असतात आणि ती शोधावी लागतात.

ठाण्याच्या आवारात, पंचांसमोर, मी मीटर तपासायला घेतला. जमादार हसत होते. “साहेब, गॅरेज टाकायचंय काय?” मी म्हटलं, आधी बघा तर खरं.

पहिली शंका केबलवर. वसईच्या खाऱ्या हवेत आतली तार गंजून तुटते. मी केबल मीटरपासून सोडवली आणि चाक फिरवलं. तार छान फिरत होती. म्हणजे चाकाकडचा गिअर शाबूत, केबल शाबूत. मग सुटी तार मीटरच्या खालच्या भोकात घालून बोटांनी पिळली. काटा दोनदा दचकला आणि थांबला, आकडे तर हललेच नाहीत. दोष मीटरच्या पोटात होता.

भिंगातून पाहिलं तर काचेच्या कड्यावर ताजे ओरखडे होते. हा मीटर कधी उघडलाय का, असं मी बागायतदाराला विचारलं. घेतल्यापासून नाही, तो म्हणाला. मी कडं काढलं. शेवटचे दोन आकडे शेजारच्या आकड्यांच्या रेषेत नव्हते, जरा तिरके बसले होते. आकडे कुणीतरी हाताने मागे फिरवले होते. आतली बारीक चक्रं तपकिरी, चिकट थराने एकमेकांना धरून बसली होती. मी नाक जवळ नेलं आणि सरळ उठून उभा राहिलो. मुशीचं तेल! मुशी म्हणजे शार्कच्या जातीचा मासा. त्याच्या तेलाने कोळी लोक होड्यांची लाकडं माखतात. लाकडावर ते वाळून घट्ट बसतं म्हणूनच ते तिथे उपयोगी. पाचूबंदरला, म्हणजे वसईच्या कोळीवाड्यात, होड्या किनाऱ्यावर घेतल्या की सगळ्या वस्तीला तो वास असतो आणि एकदा घेतला की विसरता येत नाही.

केळीच्या वाडीत त्या तेलाचं काय काम? मी बागायतदाराला सहज विचारल्यासारखं विचारलं, “पाचूबंदरचं कुणी येतं का हो तुमच्याकडे?”

“पंप बिघडला की एक जण येतो. बोटीच्या इंजिनावर काम करतो. हात सोन्याचा आहे त्याचा.”

त्या सोन्याच्या हाताला मी ठाण्यात बोलावलं. पस्तिशीचा, अंगाने काटक, नजर सरळ. अपघाताचं विचारल्यावर त्याने नुसती नकारार्थी मान हलवली. त्या दिवशी कुठे होता? बोटीवर. फटफटी चालवता येते? नाय. दटावून हा माणूस बोलणार नाही हे मला दहा वाक्यांत कळलं. मारहाणीने खरं बाहेर येतं यावर माझा कधीच विश्वास नव्हता; मारहाणीने फक्त कबुली बाहेर येते. मी चहा मागवला, उघडलेला मीटर त्याच्यासमोर ठेवला आणि जमादारांकडे बघून म्हटलं, “कुणा अडाण्याने यात घाण तेल ओतून वाट लावलीय. ज्याला यंत्रातलं काही कळत नाही, त्याने हात तरी कशाला लावावा?”

त्याचा कप हातातच राहिला.

“घान?” तो म्हणाला. “मुशीचा तेल हाय तो, साहेब! बारा महिने खाऱ्या पान्यात असतो आमी. सुकी पडली व्हती चक्रा, कोनी थेंब घातला नव्हता. मी...”

तिथे तो थांबला. जमादारांनी हळूच कागद पुढे ओढला.

मग त्याने सगळं सांगितलं. बागायतदार दादरला आणि मुलगा एकटाच समुद्रावर फिरायला गेला की तो गाडी बाहेर काढायचा. माल न्यायला नाही, कुणाला भेटायला नाही, नुसती चालवायला. परत आल्यावर मीटर उघडून आकडे मागे घ्यायचा, कारण म्हाताऱ्याला आकडा पाठ असतो हे त्यालाही ठाऊक होतं.

“अरे, मग केबलच का नाही सोडलीस? एका नटाचं काम,” मी विचारलं.

“वायर सोडली का काटा हलत नाय, साहेब. काटा चढताना बघितला नाय तर मजा कसली?”

चक्रं कोरडी दिसली म्हणून मायेने तेल दिलं. तेल वाळलं. अपघाताच्या दिवशी काटा मध्येच अडकला, म्हणून तो मान खाली घालून मीटरवर टिचक्या मारत होता. मान वर केली तेव्हा पाववाला समोर होता. “थांबायला पायजे व्हता मना,” तो म्हणाला आणि मग मात्र ढसाढसा रडला. मला त्याचा राग आला होता आणि वाईटही वाटलं. पडलेल्या माणसाला रस्त्यावर टाकून जाणं याला माझ्याकडे माफी नव्हती.

पाववाला शुद्धीवर आला, काठी घेऊन का होईना, चालू लागला. आरोपीने न्यायालयात गुन्हा कबूल केला, शिक्षा भोगली. मुलाच्या कागदावर मी ‘प्रतिकूल काही नाही’ असं लिहून स्वतःच्या हाताने सही केली. वरिष्ठांनी पाठ थोपटली, पण मला खरा आनंद त्या सहीचा झाला. या केसने मला एक गोष्ट कायमची शिकवली. माणूस आपलं वाईट काम नीट झाकतो. पण त्या भरात केलेलं एखादं चांगलं काम झाकायचं त्याच्या ध्यानातच येत नाही. पुढच्या सगळ्या नोकरीत मी आरोपीची चूक शोधण्याआधी त्याला कशाचा अभिमान आहे ते शोधलं.

न्यायालयाने गाडी परत दिल्यावर मी एका रविवारी साध्या कपड्यांत गिरीजला गेलो. चक्रं रॉकेलमध्ये धुतली, शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब दिला, आकडे रेषेत आणले, कडं बसवलं. बघायला अर्धी आळी जमली होती. आता गाडी रस्त्यावर नेऊन मीटर चालतो का ते पाहायचं होतं. बागायतदार पुढे सरसावला.

“तुम्ही नाही,” मी म्हटलं. “मुलगा चालवेल. लायसन्स आहे त्याच्याकडे.”

“त्याला जमायचं नाही, साहेब.”

“मग मागे बसा आणि शिकवा.”

आयुष्यात पहिल्यांदा तो माणूस आपल्याच गाडीच्या मागच्या सीटवर बसला. गाडी दोन वेळा बंद पडली, तिसऱ्यांदा धरली. दोघे वाडीच्या वाटेने वळून दिसेनासे झाले आणि बऱ्याच वेळाने परत आले. मी विचारलं, “काय, मीटर चालला का?”

मुलाने बापाकडे पाहिलं. बागायतदार उतरला, पण त्याने मुलाच्या खांद्यावरचा हात काढला नाही. सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, “मीटर नाही बघितला मी. त्या दिवशी उगाच हात उचलला पोरावर, तेच सांगत होतो त्याला वाटभर.”