दुसरी प्रत काढू नये

आमच्या कोल्हापुरातल्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये पहिला कॉम्प्युटर आला तो ऐंशीच्या दशकाच्या अगदी शेवटी. त्याच्याबरोबर मराठी लिहायचा प्रोग्रॅम आला, एका पातळ, रुंद फ्लॉपीवर. पाकिटावर बारीक इंग्रजीत छापलं होतं की हे पाकीट फोडलं म्हणजे अटी मान्य, आणि दुसरी प्रत काढायची नाही. अटी मी पाकीट फोडल्यावर वाचल्या. सगळेच तसं करत असणार.

आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मात्र भिंग घेऊन शब्द न् शब्द वाचला. जन्मभर मास्तरकी केलेला माणूस. कोडोलीकडच्या शाळांत असताना त्यांनी शेतातले, गुऱ्हाळातले, बायकांच्या तोंडचे शब्द चिठ्ठ्यांवर टिपून ठेवले होते. त्या शब्दांचं पुस्तक व्हावं एवढीच त्यांची इच्छा उरली होती. चिठ्ठ्यांना वाळवी लागली, म्हणून मी ते शब्द टाईप करायला घेतले. टाईप झालेल्या चिठ्ठ्या आण्णा रोज सकाळी बंबात घालत. छापून मात्र सगळं शेवटी एकदमच काढायचं, कागद वाया घालवायचा नाही, हाही त्यांचाच हुकूम.

प्रोग्रॅम सुरू करायला दर वेळी तीच मूळ फ्लॉपी लागे. जयसिंगपूरचा एक कॉम्प्युटर दुरुस्त करणारा म्हणाला, मी हिची नक्कल काढून देतो, एक तुम्हाला, एक मला; या भागात हा प्रोग्रॅम दुसऱ्या कुणाकडे नाही. मी तयारच होतो. आण्णा ताडकन उठले. पोरांच्या कॉप्या पकडण्यात माझा जन्म गेला आणि तू घरातच चोरी करतोस काय, असं त्या परक्या माणसासमोर मला सुनावलं. राग असा आला की सांगता सोय नाही. पण पुस्तक त्यांचं, मर्जी त्यांची.

खंडेनवमीला टाईपरायटर पुसून त्यांना हळदकुंकू लावायचं काम आण्णांचं. त्या वर्षी त्यांनी फ्लॉपीही पाटावर मांडली. पूजेची वस्तू झाकून कशी ठेवायची, म्हणून ती पाकिटातून बाहेर काढली. फ्लॉपीला एक लांबट खाच असते, तिथून आतली तबकडी उघडी दिसते. नेमकं तिथंच त्यांनी कुंकवाचं ओलं बोट टेकवलं. वर अक्षता.

दसऱ्यानंतर मी मशीन सुरू केलं, तर ते आतून खरवडल्यासारखं वाजलं आणि मूळ फ्लॉपी घाला, मूळ फ्लॉपी घाला, एवढंच मागत राहिलं. आण्णांचे शब्द दुसऱ्या फ्लॉप्यांवर सुखरूप होते. पण ते उघडणार कशानं?

जयसिंगपूरवाल्यानं हात टेकले. कंपनीला पाठवलेलं रजिस्टर पत्र, या पत्त्यावर कोणी नाही, असा शेरा घेऊन परत आलं. शेवटी आम्ही दोघं ते पाकीट घेऊन गल्लीतल्या वकिलांकडे गेलो. त्यांनी उलटसुलट करून बघितलं आणि हसले.

"मास्तर, ह्यावर तुमची सही कुठं हाय? कोर्टात हे टिकलं असतं का, मलाच शंका हाय. आन् एका नकलेसाठी कोल्हापुरात कोण येणार होतं इचारायला?"

आण्णांनी पाकीट उचललं आणि ते उठले. मला वकिलांचा राग आला, कंपनीचा आला आणि खोटं कशाला सांगू, आण्णांचाही आला. चिडायचं तरी कुणावर? पाप कुणीच केलं नव्हतं.

घरी आल्यावर त्यांनी दार लोटून घेतलं. खुर्चीत बसले. मग माझ्याकडे न बघता, वर्गात पोराला विश्वासात घ्यायचे तशा आवाजात म्हणाले, "त्या जयसिंगपूरच्याकडनं तू गुपचूप एखादी काढून ठिवली असशील की. खरं सांग. मी रागावणार न्हाय."

आयुष्यात मी त्यांचं किती गोष्टींत ऐकलं नाही, ते मोजायलाच नको. ही एक ऐकली होती.

"न्हाय काढली, आण्णा."

"बरं केलंस," ते म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून बसून राहिले.