दोन टीबीचं स्टिकर

माणसं किती घाण असतात ते मला विचारा. पूर्णा गावातल्या एका गोदामात मी सहा वर्षं रिटर्नच्या टेबलावर काढली आहेत. लोकांनी ऑनलाइन घेऊन परत पाठवलेला माल माझ्यासमोर येतो. मी तो उघडते, तपासते, ठीक असेल तर हिरवं बटण दाबते, गडबड असेल तर लाल. हिरवा माल पुन्हा विकायला जातो आणि पाठवणाऱ्याला पैसे परत मिळतात.

आत चटणी सडलेला मिक्सर मी उघडला आहे. लग्नात रात्रभर नाचून झालेल्या मोजड्या, घामाच्या वासासकट, 'वापरल्या नाहीत' म्हणून आलेल्या पाहिल्या आहेत. ती घाण हात धुतले की जाते. पण मोबाइलच्या खोक्यात साबणाची वडी भरून पाठवणाऱ्यांची किळस काही जात नाही. वर चिठ्ठी लिहितात, आम्हाला असंच आलं! चोर तो चोर, वर शिरजोर.

मागच्या वर्षी माझ्या धाकट्या भावाने गेमिंगचा कॉम्प्युटर जुळवायला घेतला. तो कशेळीला एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात नोकरीला आहे. पंखे आले, रंगीत दिवे आले आणि घोडं अडलं ते स्टोरेजवर. फिरणारी हार्ड डिस्क घ्यावी तर जागा भरपूर, पण गेम उघडेपर्यंत चहा होऊन पिऊनही होतो. एसएसडी घ्यावी तर वेग आहे, पण आजकालचा एकेक गेम शंभर-दीडशे जीबी खातो; पाचशेची डिस्क चार गेममध्ये फुल्ल. त्यात नारपोलीत आमच्या भिंतीपलीकडे कापडाचे लूम चालतात, फरशी थरथरत असते. फिरणारी डिस्क इथे टिकायची नाही असं मीच म्हटलं. मग च्युइंगमच्या पट्टीएवढी असते ती एसएसडी घ्यायची ठरली. एक टीबी की दोन, यावर महिनाभर घरात दुसरा विषय नव्हता.

तेव्हा मी चांगलाच भाव खाल्ला. कुठल्या कंपनीच्या डिस्का जास्त परत येतात, कुठल्या येत नाहीत, हे मी जेवताना सांगायची. ऐकणारं कोणी मिळालं की माझ्या जिभेला हाड नसतं. लोक गरम हवेने दोन टीबीचं स्टिकर सोडवतात, जुन्या, कमी जागेच्या पट्टीवर चिकटवतात, नवी ठेवून घेतात आणि जुनी परत करतात, हेही सांगून टाकलं.

"दिसायला सगळ्या पट्ट्या सारख्याच," मी म्हटलं. "आमच्याकडे नुसतं स्टिकर स्कॅन होतं. कॉम्प्युटरला लावून कोण बघत बसतंय?"

"शी! काय मेली माणसं तरी," आई म्हणाली.

"मग पकडले कसे जातात?" भावाने विचारलं.

"स्टिकर वाकडं लावतात. अक्कल असते कुठे!"

त्याने दोन टीबीची मागवली. आठवड्याभराने एकदा सकाळी विचारलं, "ताई, या आठवड्यात शिफ्ट कुठली तुझी? टेबल तेच ना?" बाइकवरून सोडायचा विचार दिसतोय, असं वाटून मी खूश झाले.

चौथ्या दिवशी माझ्या टेबलावर आलेल्या पाकिटावर आमच्याच गल्लीचा पत्ता होता आणि त्याचं नाव. कारण दिलेलं, 'आता नको आहे.' आत पट्टी. तिच्यावर दोन टीबीचं स्टिकर, अगदी फूटपट्टी लावल्यासारखं सरळ. फक्त एका कडेला उष्णतेने जरा सुरकुतलेलं. आमच्या घरात हेअर ड्रायर एकच आहे, तो माझा.

लाल दाबावं तर त्याचं नाव चोरांच्या यादीत जाणार, आणि ऑफिसातल्या कागदांवर माझा पत्ताही तोच. दोघंही गेलो असतो. मी हिरवं दाबलं.

घरी आले तेव्हा त्याचा गेम पापणी लवायच्या आत उघडत होता. मी तोंडाला येईल ते बोलले. त्याने खुर्ची फिरवली आणि हसत म्हणाला, "अगं, तुझ्याच टेबलावर येणार म्हणून तर केलं. कंपनीला काय फरक पडतो?"

मी आईकडे बघितलं. शी म्हणणारी माझी आई म्हणाली, "जाऊ दे गं. आपलाच हाय ना. आता कुणाला सांगत बसू नको." त्या दोघांच्या पंगतीला बसायची मला किळस आली. मी त्या दिवशी जेवले नाही.

तीन आठवड्यांनी तीच पट्टी परत आली. या मालाचं टेबल एकच, त्यामुळे माझ्याकडेच. स्टिकरवरचा नंबर मला पाठ झाला होता. आता पत्ता लांबच्या कुठल्या तरी तालुक्याचा होता आणि सोबत वहीचं फाडलेलं पान. 'मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. दोन टीबी म्हणून मागवलेल्या डिस्कमध्ये अडीचशे जीबी पण जागा नाही. मी काहीही बदललेलं नाही. हवं तर लावून बघा.'

असल्या चिठ्ठ्या मी सहा वर्षं मनातल्या मनात शिवी घालून कचऱ्यात टाकत आले. त्यातले किती जण खरं बोलत होते? कुठल्या टेबलावरच्या कुठल्या बाईने आपल्या कुणासाठी आधी हिरवं दाबलं होतं? मला लोकांची किळस यायची. आता स्वतःच्या हातांची आली.

दुसऱ्यांदा परत आलेल्या मालाला हिरवं द्यायचं तर सुपरवायझरला बोलवावं लागतं, आणि तो आधी कुणी पास केला ते काढतो. लाल दिलं तर कुणी काही विचारत नाही. ग्राहकाचे पैसे अडकतात, त्याचं नाव चोरांच्या यादीत चढतं, विषय संपतो.

सुपरवायझर दोन टेबलं सोडून उभा होता. तो माणूस खरं बोलतोय, हे अख्ख्या गोदामात फक्त मला माहीत होतं. मी लाल दाबलं.