बोटापलीकडचा कावळा

तमिळ मुलखातल्या जुन्या मराठी राजवाड्यामागच्या बोळातल्या अंगणवाडीत भामा बावीस वर्षं मुलांना भरवत आली होती. तिची एक सवय होती. घास देताना ती बाहेरचा कावळा दाखवायची आणि स्वतः मात्र मुलाची नजर पाहायची.

अडीच वर्षांच्या प्रणवेशची नजर तिच्या बोटावरच थांबली. दुसऱ्या दिवशीही. पाणी हवं असलं की तो तिचं मनगट धरून हात घागरीवर नेऊन ठेवी, तोंडाकडे न बघता. नावानं हाक मारली तर वळत नसे. डब्याचं झाकण वाजलं की पहिला धावे.

आठवडाभर वहीत सगळं टिपून भामा त्याच्या घरी गेली. आई विनुता ऐकताऐकता खाली बसली. आजोबा बाळकृष्णराव, निवृत्त हेडमास्तर, उभेच राहिले.

"घरात मराठी, दारात तमिळ. पोर गोंधळणारच. मी स्वतः चौथ्या वर्षी बोललो."

"आणि तेव्हापासून थांबला नाहीत, मामा," भामानं टोला दिला.

विनुताला हसू फुटलं आणि विरलं.

"आपली सगळीच पोरं दोन भाषांतली," भामा म्हणाली. "काही लवकर बोलत नाहीत, पण चप्पल आण म्हटलं की आणतात. याला सांगून पाहा."

आजोबांनी मराठीत सांगितलं, मग तमिळमध्ये. प्रणवेश फिरता पंखा बघत राहिला.

"तू काय डॉक्टर आहेस?"

"नाही. म्हणूनच डॉक्टरकडे न्या म्हणते. आत्ता न्या. शाळेची वाट बघत बसलात तर हातची वर्षं जातील."

बाळकृष्णराव तिच्याशी बोलेनासे झाले. विनुता मात्र पोराला घेऊन सरकारी इस्पितळातल्या बालविकास केंद्रात जाऊ लागली, दर मंगळवारी. तिथं शिकवलेलं भामा अंगणवाडीत करून घेई: लाडू आपल्या डोळ्यांजवळ धरायचा आणि तो बघेपर्यंत थांबायचं. कधी कधी फार वेळ थांबावं लागे.

अकरा महिन्यांनी भिंतीवर खार आली. प्रणवेशनं स्वतःचं बोट उचललं, खार दाखवली आणि मान वळवून भामाकडे पाहिलं, तिनं पाहिली का म्हणून. शब्द एकही नव्हता. भामानं हजेरीच्या वहीत तारीख लिहिली आणि खाली दोनदा रेघ ओढली. असा माज तिनं आयुष्यात कधी केला नव्हता.

पुढच्या आठवड्यात बाळकृष्णराव अंगणवाडीच्या दारात आले. सोबत शेजारची वर्षा, कडेवर तिची लेक.

"तुझ्या घरचे म्हणतात, दोन भाषांमुळं पोर बोलत नाही," ते वर्षाला सांगत होते. "मीही तेच म्हणालो होतो. आधी भामाला दाखव."

भामानं हात धुतले, घास घेतला आणि बाहेरच्या कावळ्याकडे बोट केलं.