पाहुण्यांचं बेसिन

पाहुण्यांच्या बाथरूमसाठी मला असं बेसिन हवं होतं, की सगळ्या यवतमाळात तसं दुसरं नसावं. दुकानात शिरले तर खिशात टेप आणि कानावर पेन्सिल असलेला एक माणूस बेसिनांवर टिचक्या मारत उभा होता. मी त्यालाच म्हटलं, "काहीतरी हटके दाखवा."

"वापरन कोन?"

"पाहुणे."

बाह्या कोपरापर्यंत सारून तो एका काचेच्या बेसिनवर वाकला आणि नसलेल्या पाण्यानं त्यानं खळखळून चूळ भरली. "दिसाले झकास हाय, पन पानी सारं शर्टावर येईन. पाहुना वल्लं पोट घेऊन बाहेर कसा येईन?"

पुढच्या आठ बेसिनांपुढेही तीच चूळ, तितक्याच मनापासून. शेवटी घमेल्यासारख्या खोल, मोरपंखी बेसिनवरून त्यानं मान वर केली, कोरडं तोंड दुपट्ट्यानं पुसलं आणि म्हणाला, "हे घ्या."

"केवढ्याला?"

"मले काय मालूम? मी त नळाची तोटी घ्याले आलतो."

मी ओशाळले. "मग माझ्यासाठी इतका वेळ कशाला घालवलात?"

"तुमच्यासाठी कायले, बाई? पाहुन्यासाठी. मी बी कोनाकडं तरी पाहुनाच जातो ना!"

तोटी घेऊन तो हसत निघून गेला. नाव विचारायचं राहूनच गेलं.

आता येणारा प्रत्येक पाहुणा बाहेर येऊन त्या मोरपंखी रंगाचं कौतुक करतो. मी ऐकते, पण आधी त्याचं पोट पाहते. कोरडं असतं.