रश्श्यात विरघळलेली पिशवी

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार आहेत ते माझ्या मामांचे. आळेफाट्यावरच्या आपल्या छोट्या हॉटेलच्या कमाईवर त्यांनी मला शिकवलं आणि मी घरातला पहिला पदवीधर झालो. एम.एस्सी.ला मी बटाट्याच्या स्टार्चपासून कुजणारं प्लास्टिक बनवत होतो. त्याची पिशवी कोणी खरोखर वापरल्याशिवाय सर प्रकल्प स्वीकारणार नव्हते. मी ती हॉटेलवर नेली, आणि मामांनी लगेच एका ट्रकवाल्याला तीत गरम रस्सा बांधून दिला.

थोड्या वेळाने तो डबा घेऊन परत आला. "भाऊ, पिशवी डब्यात ठेवली व्हती. आता नुसता रस्साच हाय, अन् तो बी पिठल्यावानी!"

मामांनी मला हळूच विचारलं, "खाल्लं तर चालतंय ना रे?" मी मान डोलावली.

"पावणं," मामा म्हणाले, "आमी पिशवीसकट जेवाय घालतो."

त्याने चाखलं आणि आणखी एक पिशवी मागितली. सरांनी मात्र प्रकल्प परत केला. पुढे मामा गिऱ्हाइकांसाठी सारख्या पिशव्या मागू लागले, तेव्हा मी त्यांना पत्र लिहिलं:

"ती. मामा, शिरसाष्टांग नमस्कार. नवी पिशवी रश्श्यात टिकते. सरांनी ती स्वीकारली, हे तुमच्यामुळेच झालं. पण तिने रस्सा घट्ट होणार नाही. गिऱ्हाइकांना तसाच हवा असेल, तर कृपया बटाटा कुस्करून घालावा."