कोळशावरची मोटर

मोटर पेट्रोलवर चांगली की कोळशावर, असं कुणी विचारलं की फकरोद्दीन उठून जातो. नवखा माणूस त्याला शिष्ट म्हणतो. म्हणू दे. मी त्याच्या जालना-जाफराबाद मोटरीचा नेहमीचा उतारू होतो. मला कारण माहीत आहे, नसतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेनासं झालं, तेव्हा त्याने मोटरीच्या मागे कोळशाची भट्टी बसवून घेतली. पेट्रोल होतं तेव्हा हँडल मारलं की मोटर निघायची. आता बाभळीचा कोळसा भरा, विस्तव घाला, पंखा फिरवत बसा, तेव्हा कुठे गॅस होऊन इंजिनात जायचा. चढाला आम्हीच उतरून ढकलायचो. कडूबा गाडीवान बाजूने जाताना विचारायचा, "बैल जोडू का मोटरीला?"

फकरोद्दीन हसण्यावारी न्यायचा. पण थंडीत भट्टी लवकर पेटेना आणि जाफराबादचे उतारू कंटाळून कडूबाच्या बैलगाडीत बसू लागले. मोटर थांबली असती तर दोन्ही भावांची चूल थांबली असती. धाकटा अलीम मोटरीवर क्लीनर होता, नुकतंच लग्न झालेला.

एका रात्री जाफराबादच्या मुक्कामी पत्र्याच्या शेडमध्ये मोटर लावून फकरोद्दीन त्याला म्हणाला, "आज भट्टी विझू देऊ नको. मोटरीतच झोप, मधून मधून कोळसा टाक. सकाळी जल्दी निघू."

"भाईजान, गॅस बाहेर आला तर?"

"त्याला धूर न्हाई, वास न्हाई. काय करतो तो? ऊब राह्यली तर बराबर झोप लागंल."

पेट्रोल सांडलं तर लांबून कळतं. या गॅसचं आम्हाला कुणालाच काही ठाऊक नव्हतं. भावाला गार वारा लागू नये म्हणून फकरोद्दीनने स्वतःच्या हाताने ताडपत्रीचे पडदे घट्ट बांधले. आपली रजईही त्यालाच दिली. यात त्याचं काय चुकलं, हे मला अजून सांगता येत नाही, आणि त्यानेच जीव जास्त तुटतो.

सकाळी आम्ही उतारू जमलो. त्याने पडदे सोडले. अलीमच्या गालांवर लाली होती.

"बघा नवरदेवाची झोप," फकरोद्दीन म्हणाला, आणि आम्ही हसलो. मीही हसलो. मग त्याने अलीमचा हात धरून ओढला, तर तो लाकडासारखा ताठ.

जालन्याला अलीमची फरजाना वाट बघत होती. त्याला तिच्याकडे नेणं भाग होतं. कडूबाने बैल जुंपले.

"न्हाई, मीच नेतो," फकरोद्दीन म्हणाला.

आम्ही अलीमला मागच्या बाकावर नीट ठेवलं. फकरोद्दीन हँडल घेऊन पुढे गेला. भट्टी अजून धगधगत होती. इतक्या दिवसांत कधी नव्हे ती मोटर पहिल्या हँडलला सुरू झाली.